तिसरे नाव

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास मयूर विहार फेज-१ मधल्या आमच्या सोसायटीत फारशी हालचाल नसते. यमुनेच्या खादरातून भाजी घेऊन आलेली एखादी हातगाडी, वर्तमानपत्रे, फाटकाशी डुलक्या घेणारा चौकीदार. त्या वेळी माझी भाची पायात बूट चढवून दाराशी उभी असते. ती साताऱ्याची. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि दोन वर्षांपासून माझ्याकडे राहते.

"आज तरी सुट्टी ना गं?" मी विचारते.

"पेशींना सुट्टी नसते, मावशी. जेवायला घालून येते."

गुलाबी मार्गिकेची मेट्रो तिला यमुनेपलीकडे नेते. एका प्रयोगशाळेत ती आठवड्यातले काही तास काम करते. काम म्हणजे काय, तर दर दोन-तीन दिवसांनी पेशींवरचे जुने पोषकद्रव्य काढून नवे घालायचे. गुलाबीचे पिवळे व्हायला लागले की पेशींनी खाऊन आंबट केले असे समजायचे. बाटलीचा तळ भरून गेला की पेशी सुट्या करून नव्या बाटल्यांत वाटायच्या. मग त्यातल्या थेंबभर द्रवाला निळा रंग लावून, आखीव चौकटींच्या जाड काचेवर ठेवून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी मोजायची. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंग आत घेत नाही. कोपऱ्यातल्या चौकटींची सरासरी काढून तिला दहा हजारांनी गुणले की एका मिलिलिटरमधल्या पेशींची संख्या मिळते. तिची बोटे आता हे गणित झोपेतही करतील.

मागच्या उन्हाळ्यात तिने दुसऱ्या एका ठिकाणी दोन महिने असेच मोजण्याचे काम केले होते. पुढे त्या कामावरचा निबंध छापून आला. तिने तो फोनवर उघडून वरून खालपर्यंत वाचला. लेखकांच्या यादीत तिचे नाव नव्हते, शेवटच्या आभारातही नव्हते. तिसऱ्या आकृतीतले आकडे मात्र तिच्या वहीतले होते. ती काही बोलली नाही. रात्री भांडी घासताना एवढेच म्हणाली, "मावशी, मी नक्की काय केलं होतं तिथे?"

मी विज्ञानाची नाही, इतिहासाची विद्यार्थिनी. त्यामुळे तिच्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या वाटेने शोधायला लागले. प्रयोगशाळेत सर्वांत धाकट्या माणसाने नक्की काय केले, हे इतिहासात कुठे नोंदलेले असते?

सुरुवात तिच्याच बाटलीपासून केली. ती ज्या पेशींना जेवायला घालते त्यांचे नाव 'हीला'. जगभरच्या प्रयोगशाळांत या पेशी वाढवल्या जातात. त्यांचा उगम अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आहे. माणसाच्या पेशी शरीराबाहेर कायमच्या वाढवता येतील का, या एकाच प्रश्नामागे जॉर्ज गाय तिथे अनेक वर्षे लागले होते. पत्नी मार्गारेट त्यांच्या सोबतीला. त्या शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या, त्यामुळे प्रयोगशाळेतली जंतुरहित शिस्त त्यांच्या हाती होती. पोषकद्रव्य विकत मिळत नसे. कोंबडीचे रक्त, वासराच्या गर्भाचा अर्क, माणसाच्या नाळेतले रक्त असे काय काय जमवून ते घरचेघरीच केले जाई. नळ्या हळूहळू फिरत राहाव्यात म्हणून गाय यांनी एक मोठे फिरते पिंप बनवले होते.

१९५१ च्या फेब्रुवारीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एक तुकडा तिथे आला. तो हाताळला मेरी कुबिचेक या एकवीस वर्षांच्या साहाय्यक मुलीने. यापूर्वीचे किती तरी नमुने मेले होते, हाही मरणारच असे तिला वाटत होते. तरी तिने नेहमीच्याच काळजीने त्याचे मिलिमीटरभराचे तुकडे केले, कोंबडीच्या रक्ताच्या गुठळीवर ठेवले, नळ्यांना बुचे लावली आणि रुग्णाच्या नाव-आडनावाची पहिली दोन-दोन अक्षरे लिहिली. एच, ई, एल, ए. या पेशी मेल्या नाहीत. दर चोवीस तासांना दुप्पट होत राहिल्या. पुढे पोलिओच्या लसीची चाचणी करण्यासाठी त्या लागल्या, तेव्हा टस्कीगी इथे त्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. तिथे काम करणारेही बहुतांशी काळे तंत्रज्ञ होते. त्यांची नावे आज फारशी कुणाला सांगता येणार नाहीत.

१९५२ मध्ये या कामाची जी छोटी टिपणी प्रसिद्ध झाली तिच्यावर तीन नावे आहेत: गाय, कॉफमन, कुबिचेक. साहाय्यक मुलीचे नाव तिसरे, पण आहे. हे वाचून मला भाचीसाठी बरे वाटले. मग लक्षात आले, त्या टिपणीत एक नाव नाहीच. ज्या बाईच्या त्या पेशी होत्या, त्या हेन्रिएटा लॅक्सचे. त्या ४ ऑक्टोबर १९५१ ला वारल्या. पेशी घेताना त्यांना कुणी विचारले नव्हते. पुढे जवळजवळ वीस वर्षे जग त्यांना भलत्याच नावाने ओळखत राहिले, आणि एका कंपनीने त्यांच्या वारसांशी तडजोड केली ती २०२३ मध्ये.

मेरी कुबिचेकची एक आठवण रिबेका स्क्लूट यांच्या २०१० मधल्या पुस्तकात आली आहे. हेन्रिएटांच्या शवविच्छेदनाच्या वेळी आणखी नमुने घ्यायला तिला पाठवले होते. तिने चेहऱ्याकडे पाहायचे टाळले आणि तिची नजर पायांकडे गेली. नखांना लाल रंग लावलेला होता, आणि तो ठिकठिकाणी उडालेला होता. तेव्हा तिला पहिल्यांदा जाणवले, आपण इतके महिने जे वाढवत होतो ते एका बाईचे होते. ती बाई कधीतरी न्हाणीघरात बसून आपली नखे रंगवत असणार. प्रयोगशाळेतल्या मोठ्या माणसांनी हे पाहिले की नाही, ते नोंदलेले नाही. धाकटीने पाहिले.

बाल्टिमोरच्या याच गाय यांच्या प्रयोगशाळेत पुढचे शिक्षण घेऊन आलेली एक मराठी बाई होती, कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. मुलीने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती, पण तिचा जीव सूक्ष्मदर्शकात गुंतला. एम.एस्सी.साठी तिने सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न होऊन ती मुंबईला आली आणि टाटा मेमोरियल रुग्णालयात वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली कामाला लागली. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. आणि त्यानंतर बाल्टिमोर.

परत आल्यावर खानोलकरांनी उभारलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात तिने देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. ऊतिसंवर्धन हा शब्द जड आहे. माझ्या भाचीच्या भाषेत सांगायचे तर पेशींना जेवायला घालणे. पण जेवण आणायचे कुठून? परदेशातून मागवायचे तर वेळ, पैसा आणि परवाना, तिन्हींची अडचण. रणदिवेबाईंनी आपल्या जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या साहाय्यकांना हाताशी धरले आणि पोषकद्रव्ये व लागणारी रसायने इथेच बनवायला घेतली. १९६० च्या दशकापर्यंत त्या साहाय्यकांचे झटून काम करणारे संशोधक झाले होते. बाईंचा उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगावरचा अभ्यास, कर्करोग आणि आनुवंशिकता यांच्या नात्याचा शोध, कुष्ठरोगाच्या जंतूवरचे काम, १९८२ चा पद्मभूषण, हे सगळे चरित्रकोशात सापडते. पण मला त्या सगळ्याच्या तळाशी ते पातेलेभर पोषकद्रव्य दिसते. ते रोज कुणीतरी मोजून, गाळून, निर्जंतुक करून ठेवत असे. ते एक दिवस नासले असते तर वरचे सगळे थांबले असते.

१९७३ मध्ये रणदिवे आणि त्यांच्या सहकारी बायकांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघाची स्थापना केली. अशा संघटनेची गरज का पडली याचे उत्तर आणखी एका मराठी घरात मिळते, आणि साहित्याच्या वाचकांना ते घर परके नाही. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण कमला, पुढे कमला सोहोनी. वडील आणि काका दोघेही बंगळुरूच्या टाटा संस्थेत शिकलेले. तिनेही मुंबईची पदवी पहिल्या क्रमांकाने घेऊन १९३३ मध्ये तिथेच अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी, मुलगी आहे म्हणून, नाकारला. ती ठाण मांडून बसली. शेवटी अटींवर प्रवेश मिळाला. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नव्हे, तर पारखण्यापुरते. मार्गदर्शक म्हणतील तितका वेळ काम करायचे. आणि तिच्यामुळे इतरांचे लक्ष विचलित होता कामा नये. ती राहिली, काम केले, आणि त्यानंतर त्या संस्थेचे दार मुलींना उघडले. पण उतारवयातही हा अपमान आपण विसरलो नाही हे त्यांनी जाहीरपणे सांगितले.

पुढे केंब्रिज. तिथे प्रयोगशाळेत जागा नव्हती. डेरेक रिक्टर या संशोधकाने आपले टेबल दिवसा तिला दिले आणि स्वतः रात्री काम करायचे ठरवले. मला हे टेबल फार महत्त्वाचे वाटते. बंगळुरूला एका थोर माणसाने दार अडवले, केंब्रिजला एकाने अर्धे टेबल दिले, आणि विज्ञानात पुढे काय झाले ते या दुसऱ्या गोष्टीमुळे झाले. वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाच्या कामात भाग घेणारे सायटोक्रोम-सी असते हे तिने दाखवले आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट घेऊन ती भारतात परतली. कुठे? दिल्लीला. लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात नव्या जीवरसायन विभागाची प्रमुख म्हणून. म्हणजे दिल्लीत मुलींना प्रयोगशाळेतले जीवरसायन शिकवणाऱ्या सुरुवातीच्या बायकांमध्ये एक मराठी बाई होती. पुढे कुन्नूर, आणि १९४७ मध्ये लग्नानंतर मुंबईचे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. तिथे त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरा, कडधान्ये, गरिबांच्या ताटातले पोषण यांवर काम केले. १९९८ मध्ये त्यांचा सत्कार करायला वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांना बोलावले तेही दिल्लीतच. त्या समारंभाच्या वेळी त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या. दखल घ्यायला इतका उशीर होऊ शकतो.

दिल्लीचा आणखी एक धागा रोज माझ्या भाचीच्या मेट्रोत असतो. गुलाबी मार्गिकेवर एका स्थानकाचे नाव दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस आहे. राजमुंद्रीच्या दुर्गाबाई संविधान सभेच्या सदस्य होत्या. १९५३ मध्ये त्यांनी चिंतामणराव देशमुखांशी लग्न केले. चिंतामणराव म्हटले की आपल्याला रिझर्व्ह बँक आठवते, अर्थमंत्रिपद आठवते, मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ मध्ये दिलेला राजीनामा आठवतो. ते केंब्रिजला काय शिकले होते, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात असते. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेला हा मुलगा मॅट्रिकला संस्कृतची शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून गेला, आणि केंब्रिजला त्याने वनस्पतीशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूशास्त्र घेतले. १९१७ मध्ये वनस्पतीशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिकही मिळवले. पुढच्या वर्षी तो आयसीएसच्या परीक्षेत पहिला आला आणि सूक्ष्मदर्शक कायमचा मागे राहिला. बागेचा नाद मात्र जन्मभर टिकला.

१९६२ ते १९६७ हेच देशमुख दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्याच वर्षांत विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात काही वेगळेच घडत होते. पंचानन महेश्वरी १९४९ पासून विभागप्रमुख होते आणि फुलझाडांच्या भ्रूणशास्त्रात त्यांनी या विभागाला जगात नाव मिळवून दिले होते. १९६२ मध्ये कुसुम कांता, रंगस्वामी आणि महेश्वरी यांनी फुलझाडातले फलन परीक्षानळीत घडवून दाखवले. आणि १९६४ मध्ये शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी धोतऱ्याचे परागकोश पोषकद्रव्यावर ठेवले. त्यांना पाहायचे होते पेशींचे विभाजन. काही आठवड्यांनी परागकोशातून हिरवे अंकुर बाहेर येताना दिसले. ते कशातून आले हे शोधल्यावर कळले, परागकणांतून. साध्या धोतऱ्याच्या पेशीत चोवीस गुणसूत्रे असतात. या रोपांच्या पेशीत बाराच. फक्त नराच्या बाजूने वाढलेले झाड. महादेवाला वाहतो त्या धोतऱ्याचे. 'नेचर'मध्ये ते प्रसिद्ध झाले. आता तंबाखू, भात, बार्ली, गहू यांची नवी वाणे लवकर तयार करायला जगभर जी पद्धत वापरतात तिचे मूळ इथे आहे.

देशमुखांचा या प्रयोगाशी काही संबंध नव्हता. कुलगुरूंच्या टेबलावर धोतरा पोचत नाही. पण मला ही दोन दृश्ये शेजारी ठेवावीशी वाटतात. एक, विशीतला मराठी मुलगा केंब्रिजमध्ये पानाचा पातळ छेद घेतो आणि पुढे देशाच्या नोटांवर सही करतो. दुसरे, तो ज्या विद्यापीठाचा कुलगुरू झाला तिथे एक तरुण संशोधक ठरवलेले दिसले नाही म्हणून नमुना फेकून न देता पुन्हा पाहते. निबंधावर गुहा हे नाव पहिले आहे.

आपल्याकडे या दोन्ही गोष्टी बी.एस्सी.च्या मुलांपासून फार काळ लांब राहिल्या. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठे निघाली ती परीक्षा घेणारी. शिकवणे कॉलेजांकडे. पुढे संशोधनासाठी स्वतंत्र संस्था उभ्या राहिल्या आणि कॉलेज आणखी बाजूला पडले. तिथे उरले प्रॅक्टिकल. कांद्याच्या मुळाचे टोक रंगवून त्यातले पेशीविभाजन पाहिले नाही असा जीवशास्त्राचा पदवीधर विरळा. पण त्या काचपट्टीवर काय दिसणार हे आधीच जर्नलमध्ये छापलेले असते. जे दिसले ते नव्हे, जे दिसायला हवे ते काढायचे आणि सही घ्यायची. शिप्रा गुहांनी जर्नलबरहुकूम काम केले असते तर धोतऱ्याचे ते अंकुर 'चूक' म्हणून मोरीत गेले असते.

पदवीच्या विद्यार्थ्यांना खऱ्या संशोधनात घ्यावे, ही कल्पना अमेरिकेत एमआयटीने १९६९ मध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांच्या पुढाकाराने रीतसर सुरू केली. आपल्याकडे विज्ञान अकादम्यांच्या दोन महिन्यांच्या उन्हाळी शिष्यवृत्त्या आल्या. १९९९ मध्ये किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना आली, २००६ मध्ये पुणे आणि कोलकात्यात आयसर सुरू झाल्या. दिल्ली विद्यापीठाच्या २०२२ पासूनच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात चौथ्या वर्षी शोधप्रबंध लिहिता येतो. दार उघडले आहे. पण आत आलेल्या मुलीचे काम कोणते आणि त्याची नोंद कुठे, हे बहुतेक ठिकाणी ज्याच्या-त्याच्या मर्जीवर आहे. मोजणाऱ्याचे नाव लेखकांत यावे की आभारांत, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. कुठेच येऊ नये, यावर नसावेत.

हे सगळे मी भाचीला सांगितले. तिच्या प्रश्नाला माझे उत्तर होते: "तू तेच केलंस जे मेरी कुबिचेकने केलं. तू जिवंत काय आणि मेलेलं काय ते मोजलंस. त्याशिवाय तिसरी आकृती झालीच नसती. पण यापुढे काम सुरू करायच्या आधी विचारायचं, माझं नाव कुठे येणार?"

आताच्या प्रयोगशाळेत तिने ते विचारले. बाईंनी तिला नीट समजावून सांगितले आणि वहीत लिहूनही दिले. सध्या ती तिथल्या कामाचा अहवाल लिहिते आहे. परवा रात्री जेवणानंतर ती आभाराच्या पानाशी अडली. मार्गदर्शक, पीएच.डी. करणारी ताई, मैत्रीण, आई-बाबा, मी, सगळी नावे झाली.

"आणि काचसामान कोण धुतं गं तुमच्याकडे?" मी विचारले.

"भैयाजी. ऑटोक्लेव्हही तेच लावतात. नळ्यांना कापसाचं बूच कसं घट्ट बसवायचं ते मला त्यांनीच शिकवलं. त्याआधी माझ्या तीन बाटल्यांना बुरशी लागली होती."

"मग लिही की."

तिने पेन उचलले आणि थांबली. बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. दोन वर्षे त्या माणसाच्या हातच्या स्वच्छ नळ्या ती वापरत होती, आणि भैयाजी यापलीकडे तिला त्यांचे नाव माहीत नव्हते.

तिने ती ओळ मोकळी सोडली. सोमवारी जाऊन विचारणार आहे.